जावयाच्या गाडीची साखळी

भालकीजवळच्या मेहकरात राघोबाला भित्रा म्हणणारा माणूस शोधूनही सापडायचा नाही. त्याची उभी हयात ऑइल इंजिनं दुरुस्त करण्यात गेली. दोराला लोंबकळत विहिरीत उतरायचं, बुडालेलं इंजिन नट न् नट सोडवून वर काढायचं, आणि वर आल्यावर अंग पुसायच्या आधी चहा मागायचा, असा त्याचा धंदा. एकदा एका इंजिनाच्या धुराच्या नळीत नाग शिरून बसला होता. मालक बांधाकडं पळाला, मालकाच्या पुढं त्याची बायको पळाली, आणि राघोबा पाना हातात धरून नागाला म्हणाला, "आदी तू निघ, मग मी निघतो. दोघांना जागा न्हाई हितं." नाग निघाला म्हणतात. खरं-खोटं त्या नागाला ठाऊक.

असा हा गडी म्हातारपणी भ्याला. आणि भ्याला तो कशाला, तर जावयाच्या मोटारगाडीला.

त्याचं असं झालं. राघोबाची एकुलती एक लेक पिंकी बसवकल्याणकडच्या कोहिनूर गावाला दिलेली. जावई शिवराज हैदराबादला नोकरीला, गुणी माणूस. त्यानं नवी गाडी घेतली आणि जुनी सासऱ्याच्या दारात आणून लावली. म्हणाला, "मामा, उभी राहिली तर खराब होईल. तुम्ही फिरवा. दसऱ्याला येऊन नेतो, आमच्या अण्णांना पाहिजे."

अण्णा म्हणजे शिवराजचे वडील, माणिकराव. मनानं लोण्यासारखा माणूस, पण जिभेला लगाम नाही. पिंकीच्या लग्नात पंगतीला भात थोडा कच्चा राहिला होता. आता पिंकीची लेक शाळेत जायला लागली, तरी कोहिनूरला चुलीवर भात चढला की माणिकराव आपले म्हणायचेच, "बघून घे गं सूनबाई, मेहकरचा भात व्हायला नको." चार माणसांत म्हणायचे. पिंकी तिथं हसायची आणि माहेरी आली की आईजवळ बसून डोळे पुसायची. राघोबा दाराआडून ऐकायचा. एका कच्च्या भातापायी लेकीला इतकी वर्षं मान खाली घालावी लागली, तर आपल्या हातून त्यांची गाडी बिघडली म्हणजे काय होईल, ह्या विचारानं तो सुरुवातीला गाडीला हातच लावायचा नाही. मग लावला. मग सवय लागली. उदगीरचा बाजार झाला, भालकीची लग्नं झाली, बायकोला, वच्छलाबाईला, पुढं बसवून सगळे पाव्हणे फिरून झाले.

आता राघोबाचं ऑइल इंजिनाचं शास्त्र असं, की तेल कमी झालं की वरून घालायचं. जुनं तेल काढून टाकायचं म्हणजे त्याला मुरलेलं लोणचं उकिरड्यावर ओतल्यासारखं वाटायचं. जावई जाताना सांगून गेला होता, "मामा, मधी एकदा तेल बदला." राघोबानं मान हलवली आणि वरून तेल घातलं.

सोयाबीन निघायच्या दिवसांत एका सकाळी त्यानं किल्ली फिरवली, तर इंजिनातून आवाज आला. डब्यात चिंचोके घालून हलवावं तसा. राघोबा तसाच बिदरला गेला. तिथं मैलूर वस्तीच्या अंगाला एक मेस्त्री होता, त्यानं पेचकसाची मूठ कानाला आणि टोक इंजिनाला लावून ऐकलं, तेलात बोट बुडवून बघितलं आणि तोंड वाकडं केलं.

"काका, हे तेल हाय का डांबर? टायमिंगची साखळी ढिली पडलीय."

"मग बदल की."

"दसरा तोंडावर आलाय. सगळी माणसं गावाला जायलीत. दसरा झाल्यावर आणा."

"तवर चालवलं तर?"

मेस्त्रीनं हाताची एक मूठ खाली धरली आणि दुसऱ्या हाताची बोटं वर. "ही मूठ म्हणजे पिस्टन. ही बोटं म्हणजे व्हॉल्व. पिस्टन वर आला की बोटं मिटून बाजूला व्हायची, हे टायमिंग कोण सांभाळतंय? साखळी. तिनं दात सोडलं," आणि त्यानं मूठ बोटांवर अशी आपटली, की राघोबा दचकून मागं सरला. "मग साखळी न्हाई, इंजिनच नवं घ्यायचं."

राघोबानं नवी साखळी, तिच्या पट्ट्या आणि तिला ताण देणारा तुकडा दुकानातून घेतला आणि गाडी घेऊन निघाला. काय ती वाट! बिदरपास्नं मेहकरपर्यंत त्यानं ना हॉर्न वाजवला ना कुणाला ओलांडलं. उसाचा ट्रॅक्टर पुढं गेला, दुधाची फटफटी पुढं गेली, शेवटी एका म्हशीवाल्यानं विचारलं, "काका, मयताला चाललाव का?" राघोबाचं लक्षच नव्हतं. त्याचा कान इंजिनात आणि डोळ्यांपुढं ती मेस्त्रीची मूठ.

घरी आल्यावर वच्छलाबाईनं सरळ सांगितलं, "जावईबापूला फोन करा आन् खरं काय ते सांगा."

"आन् माणिकराव? आता भात तरी इसरत आला होता. ह्याच्यावर त्यांचं आणखी वीस वर्सं निघंल. पिंकीनं कुठवर सोसावं?"

"मग करणार काय तुमी?"

"मीच बदलतो. हयातभर इंजिनं उघडली की न्हाई मी? त्यातबी दातांची चक्रंच असत्यात."

"ती इहिरीवरली होती. माणसं न्हवती बसत त्यात."

हे शेवटचं बोलणं राघोबाला फार लागलं. सोयाबीनची पोती बाजूला सारून पत्र्याच्या शेडात गाडी घेतली आणि त्यानं काम काढलं.

हात कामाला लागले की माणसाची भीती कमी होते म्हणतात. राघोबाची वाढली. ऑइल इंजिन म्हणजे कसं, ऐसपैस. हात घालावा तिथं जागा. ही गाडी म्हणजे बाळंतविड्याची पेटी, एकात एक, एकाखाली एक. पट्टा काढला, पुली काढली, वरचं झाकण काढलं, तेल उतरवलं, पुढचं झाकण काढलं. काढलेला प्रत्येक नट तो वच्छलाबाईच्या परातीत मांडून ठेवायचा. पुढचं झाकण निघालं आणि साखळी दिसली. खालच्या लहान चक्रावरून वरच्या मोठ्या चक्रावर गेलेली, पावसात भिजलेल्या दाव्यासारखी लोंबलेली. वरच्या चक्रावर खुणा बघाव्यात तर काळ्या थरात इथं एक बाण, तिथं एक अक्षर, पलीकडं एक खड्डा. कंपनीची खूण कुठली आणि टवका कुठला, काही कळेना.

राघोबानं काय केलं, कमरेची चंची सोडली, पानाचा चुना बोटावर घेतला आणि साखळी काढायच्या आधी दोन्ही चक्रांवर आणि त्यांच्या शेजारच्या लोखंडावर पांढरे ठिपके दिले. ठिपक्यासमोर ठिपका. नवी साखळी घालताना ठिपके जुळवले की झालं. विहिरीवर उभी हयात त्यानं हेच केलं होतं. मग त्यानं जुनी साखळी उतरवली. ती उतरताना वरच्या चक्रानं आपसूक थोडी उसळी मारली, आणि राघोबाच्या छातीनंही. पण चुना होता. चुन्याच्या जिवावर तो त्या दिवशी दोन घास जेवला.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. राघोबा मागच्या आळीला ओढ्याच्या कडेला अंघोळीला गेला आणि येताना गप्पा मारत बसला. परत येऊन बघतो तर शेडात उदबत्तीचा वास. गाडीपुढं रांगोळी. विळे, खुरपी, कुऱ्हाड, पाने, जॅक, सगळं धुऊन ओळीनं मांडलेलं, प्रत्येकावर हळदीकुंकू आणि झेंडूचं फूल. आणि उघड्या इंजिनाची दोन्ही चक्रं अशी लख्ख, जशी घासलेली समई. त्यांच्यावरही हळद, कुंकू आणि फूल.

राघोबा चक्रांकडं धावला.

"आगं, हितं चुना होता!"

"होता की. चुन्याचे डाग होते, काळं तेल होतं, किती घाण ती." वच्छलाबाई पदरानं घाम पुसत म्हणाली. "पुजेला लोखंड धुवावं लागतंय का न्हाई? रॉकेलनं घासलो, चिंधीनं पुसलो. हात मोडून आला माजा. वरचं चक्र हलायलंच तयार न्हवतं, तरी फिरवून फिरवून पाठीमागनं बी पुसलो."

"फिरवलीस?"

"मग पाठीमागं कसं पुसायचं?"

राघोबा पोत्यावर मटकन बसला. चुना गेला तो गेला, चक्रही जागचं हललं. आता खालचा पिस्टन कुठं आणि वरचा व्हॉल्व कुठं, हे परमेश्वरालाच ठाऊक, आणि त्याचीही तर आत्ताच पूजा होऊन बसली. उद्या दसरा. उद्या माणिकराव अंगणात उभे राहणार, आणि पिंकी त्यांच्यामागं, खाली मान घालून. वच्छलाबाईनं नवऱ्याचं तोंड बघितलं, आणि आपण काय करून बसलो ते न सांगता तिला कळलं. तीही खाली बसली.

"मला काय ठाव हो," ती म्हणाली. "दर साली धुतो म्हणून धुतलो."

"तुजं काय चुकलं? मी सांगायचं होतं." असं म्हणून तो पान्याकडं हात नेणार, तर तिनंच हात धरला. "आता पुजा झालीय. आज पान्याला हात लावायचा न्हाई."

आपल्याकडं खंडेनवमीला पुजलेलं हत्यार त्या दिवशी कामाला घेत नाहीत. राघोबानंही हा नेम कधी मोडला नव्हता. एकदा ऐन नवमीला पाटलाची मोटर बंद पडली, पाटील स्वतः दारात आला, तरी हा हलला नव्हता. आता काय करावं? मोडावा तर देवाची भीती, पाळावा तर व्याह्याची. दोन्हीकडून माणूस चेपला.

तेवढ्यात शेजारचा गुरुपादय्या आला. जातीनं जंगम, आळीत पिठाची गिरणी चालवायचा, राघोबाचा लहानपणापासूनचा दोस्त. दारातूनच म्हणाला, "येन आयतु, काय झालं, राघोबाण्णा? तोंड कामून असं पाडलास? इंजिनाची पुजा केलास का तेराव्याची?"

राघोबानं सगळं सांगितलं. गुरुपादय्या आधी हसला, मग वच्छलाबाईकडं बघून हसू गिळलं आणि विचारात पडला.

"वैनी, पुजलेलं हत्यार घ्यायचं न्हाई, बरोबर. पर न पुजलेलं घेतलं तर?"

"तुमच्यात काय पुजा नसती व्हय, स्वामी?"

"हाय की. पर माज्या गिरणीचे पाने अजून धुवायचे राहिलेत. आज आळसानं पुण्य लाभलं बघा." आणि तो घरी जाऊन पिठानं भरलेली पान्यांची पिशवी घेऊन आला. वच्छलाबाईनं गाडीपुढचा नारळ उचलून कोनाड्यात ठेवला. म्हणजे करा.

राघोबानं स्वच्छ चिंधी घेतली आणि वरच्या चक्रावरचं हळदीकुंकू पुसायला लागला. पुसता पुसता थांबला. सगळं कुंकू निघालं, एक कण निघेना. अगदी बारीक, मोहरीएवढा लाल ठिपका. त्यानं डोळे बारीक केले, नख लावलं. लोखंडात ठोकून केलेला खोलगट ठिपका होता तो. इतके दिवस काळ्या थराखाली बुजलेला, आज रॉकेलनं मोकळा झालेला, आणि कुंकू जाऊन बसलेलं त्यात. त्यानं घाईनं खालचं चक्र पुसलं. तिथंही एकच लाल ठिपका उरला.

"गुरुपादा, हिकडं बघ. ही कंपनीची खूण असंल का?"

"मला काय इचारतोस? माज्या गिरणीत दोनच खुणा, बारीक आन् जाड."

आशा वाटली खरी, पण आशेनं माणूस जास्तच भितो. ठिपका खुणेचा नसून नुसता टवका असला तर? राघोबानं मनाशी ठरवलं, ठिपक्यावर विश्वास ठेवायचा नाही, आधी पारखायचा. त्यानं पहिला प्लग काढला. तुरीच्या भाऱ्यातली एक सरळ सडपातळ काडी घेऊन प्लगच्या भोकातून अलगद आत सोडली. ती पिस्टनच्या डोक्यावर टेकली. "तू काडी धर. दाबू नगं. वर येत थांबली की सांग."

राघोबानं खालचं चक्र केसाकेसानं फिरवलं. काडी वर येऊ लागली. गुरुपादय्या काडीकडं असा बघत होता, की जणू तिच्यातून स्वामींची गादी वर येतीय. "येतीय... येतीय... थांबली." म्हणजे पिस्टन माथ्यावर. मग राघोबानं वरचं चक्र हळूहळू सरकवलं, एक व्हॉल्व मिटत आलेला आणि दुसरा उघडायच्या बेतात, असा मधला क्षण धरला. विहिरीवरच्या इंजिनाला तो हाच क्षण धरायचा. श्वास रोखून त्यानं लाल ठिपक्यांकडं बघितलं. खालचा सरळ वर बघत होता, वरचा अगदी त्याच्यासमोर. दोघं एकमेकांना ओळखत असल्यासारखे.

नवी साखळी चढली. पट्ट्या बसल्या, ताण बसला. आता खरी परीक्षा. किल्ली लावण्याआधी इंजिन हातानं पुरं फिरवून बघायचं. सगळे प्लग काढलेले, आत हवेचा दाब नाही, तेव्हा इंजिनानं अलगद फिरलं पाहिजे. कुठं अडलं, तर लोखंडाला लोखंड लागलं म्हणून समजायचं. राघोबानं पाना लावला. कपाळावरचा घाम डोळ्यात गेला तरी पुसला नाही. फिरवू लागला. थोडं फिरलं. आणखी फिरलं. मग टक!

तिघंही जागच्या जागी गार. वच्छलाबाईनं तोंडावर पदर धरला. राघोबाच्या डोळ्यांपुढून सगळं गेलं. मेस्त्रीची मूठ, माणिकरावांचं तोंड, पिंकीची खाली गेलेली मान. त्याला वाटलं, पाना इथंच टाकून ओढ्यापलीकडं निघून जावं.

"अण्णा," गुरुपादय्या कापऱ्या आवाजात म्हणाला, "तुजा पाना खाली त्या लोखंडी पट्टीला लागलाय का बघ."

राघोबानं वाकून बघितलं. पान्याचा दांडा गाडीच्या पट्टीला अडला होता. त्यानं दांडा काढून दुसऱ्या बाजूनं लावला आणि डोळे मिटून फिरवलं. इंजिन गुमान फिरलं. पुन्हा फिरवलं. कुठं अडलं नाही. मग सारी झाकणं बसवली, नवं तेल भरलं. ह्या वेळी वरून नाही, सगळं नवं. किल्ली फिरवायची वेळ आली तर हात धजेना. शेवटी वच्छलाबाईनंच फिरवली. इंजिन लागलं, आणि चिंचोक्यांचा आवाज नाही. राघोबानं कान लावला, पेचकसानं ऐकलं, बॉनेटवर हात ठेवून ऐकलं. मग परातीत बघितलं. तळाला नट उरला नव्हता, तरी त्यानं परात दोनदा झटकली.

दसऱ्याच्या दिवशी सगळी मंडळी बसनं आली. शिवराज, पिंकी, तिची लेक आणि माणिकराव. पुरणपोळीचं जेवण झालं. भात मोकळा झाला होता, माणिकरावांनी मुकाट्यानं दोनदा घेतला. शिवराजनं गाडी चालू करून बघितली. म्हणाला, "मामा, गाडी तर आधीपेक्षा गोड चाललीय!" राघोबानं हसायला तोंड उघडलं, पण हसू बाहेर आलं नाही.

कारण आता माणिकराव पुढं बसले होते आणि पिंकी गाडीत बसत होती. मागच्या सीटवर, मांडीवर लेक घेऊन. आणि राघोबाला वच्छलाबाईचं ते बोलणं आठवलं. विहिरीवरच्या इंजिनात माणसं बसत नव्हती. मधल्या रस्त्यात, उताराला, मागून ट्रक येत असताना साखळीनं दगा दिला तर? मान खाली जाते ती पुन्हा वर करता येते. त्याचे पाय आपोआप गाडीपुढं गेले आणि त्यानं बॉनेटवर दोन्ही हात टेकले.

"जावईबापू, थांबा. ही गाडी मी उघडली होती."

मग त्यानं सगळं सांगितलं. न बदललेलं तेल, साखळी, चुना, कुंकू, गिरणीचा पाना. वच्छलाबाई दारात डोळे मिटून उभी. सांगून झालं तसं पिंकीनं मान खाली घातली. राघोबानं ती बघितली आणि त्याला वाटलं, आपण लेकीला हातानं ढकललं.

माणिकरावांनी मिशीवरून हात फिरवला. "म्हंजे व्याहीबुवा, तुम्ही आमच्या गाडीचं काळीज काढून बघितलाव म्हणा."

"व्हय."

"आन् परत बसवलाव."

"बसवलो. पर भेव हाय मला. लेकरं बसत्यात आत."

"मग एक करू." माणिकराव पुढच्या सीटवरून खाली उतरले आणि दार उघडून धरलं. "हितं तुम्ही बसायचं. कोहिनूरपर्यंत. मी मागं बसतो. काळीज ज्यानं बसवलं, त्याच्यासंगं जायला मी कशाला भिऊ?"

राघोबा जसा होता तसा बसला, उघड्या डोक्यानं, नखांत काळं तेल. जाताना प्रत्येक खड्ड्याला त्यानं दाराची मूठ धरली. बसवकल्याणकडच्या चढाला तर त्यानं श्वासच घेतला नाही. "मामा, काच उघडू का?" शिवराज विचारायचा. "नगं, आवाज ऐकू दे." माणिकराव मागून नातीला काही सांगत होते आणि ती हसत होती, पण राघोबाचा कान इंजिनातून निघाला नाही.

कोहिनूरला पोचल्यावर शिवराजनं किल्ली काढली, तेव्हा कुठं त्यानं मूठ सोडली. पिंकीची सासू भाकरतुकडा घेऊन बाहेर आली आणि म्हणाली, "आगं, व्याही कसं आले अचानक? आन् गाडी तर काय गुमान आली!"

माणिकरावांनी बोलायला तोंड उघडलं. पण पिंकीनं सासऱ्याच्या आधी दार उघडलं, खाली उतरली आणि मान वर करून म्हणाली, "साखळी माज्या अप्पांनी घरी बदलली, आत्याबाई. सगळं इंजिन उघडून. आन् सगळं खरं खरं सांगून मग आमाला बसू दिलं."

माणिकरावांनी उघडलेलं तोंड मिटलं, मान हलवली आणि व्याह्याला हाताला धरून ओट्यावर नेलं. राघोबाला प्यायला पाणी दिलं, तर अर्धं धोतरावर सांडलं.

दुसऱ्या दिवशी माघारी निघताना शिवराज म्हणाला, "मामा, गाडीनं सोडतो की."

"नगं, जावईबापू," राघोबानं चप्पल पायात घालत सांगितलं. "मी उघडलेल्या गाडीत एकदा बसलो ते लई झालं. भालकीची बस येतीय दहाला."